टनाचा हिशेब, किलोचा हिशेब

बारडोलीच्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रक चढतो. ऊस कुणाच्या शेतातला, तोडला कुठल्या मुकादमाच्या टोळीनं, भरला किती टन, सगळं लिहिलं जातं. तो ऊस सोलणारी, मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणारी बाई मात्र त्या नोंदीत कुठेच नसते. तिथून फारसं लांब नसलेल्या वालोडला लिज्जत पापडाच्या शाखेत दुसरा काटा असतो, किलोचा. काल घरी नेलेल्या पिठाचे पापड बाई सकाळी परत आणते, ते तोलले जातात आणि लाटणावळ तिच्याच हातात पडते. वालोड २००७ पासून नव्या तापी जिल्ह्यात गेलं, पण इथली गोष्ट घडली तेव्हा ते सुरत जिल्ह्यातच होतं. दहा-बारा वर्षांच्या अंतरानं हे दोन्ही धंदे या मुलखात आले. दोन्ही खाण्याची वस्तू बनवणारे, दोन्ही सहकाराची भाषा बोलणारे, दोन्हीकडे राबणाऱ्या बायका खेड्यातल्या. तरी बाईच्या हातात शेवटी काय उरलं हे विचारलं तर दोन्हीकडची उत्तरं जुळत नाहीत. हा फरक कामाच्या कष्टाचा कमी आणि वहीतल्या नावाचा जास्त आहे, असं मला वाटतं.

बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८ आठवतं. सरकारनं शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढवला, वल्लभभाई पटेलांनी बारडोली तालुका आणि त्याला जोडलेला वालोड महाल उठवला, आणि चौकशीनंतर वाढ सव्वासहा टक्क्यांच्याही खाली आली. वल्लभभाई 'सरदार' झाले ते याच लढ्यात. या लढ्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल ही नावं त्या काळच्या प्रत्येक हकिगतीत येतात. पण लढा सारा भरणाऱ्यांचा होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला साऱ्याचं काय? अशी माणसं तालुक्यात पुष्कळ होती. दुबळा म्हणून ओळखली जाणारी, पुढे हळपती म्हणवली गेलेली ही जमात पाटीदार आणि अनाविल जमीनदारांकडे पिढ्यानपिढ्या बांधलेली होती. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचं आणि त्या कर्जापोटी आयुष्यभर त्याचा हाळी म्हणून राबायचं, अशी ती रीत. हाळी शेतावर जाई आणि त्याची बायको मालकाच्या घरी झाडलोट, शेण-गोठा, पाणी बघे. कर्ज नवऱ्याच्या नावावर, श्रम दोघांचे. तिच्या कामाचा वेगळा हिशेब नव्हता. मिळायचं ते धान्य, शिळंपाकं, क्वचित एखादं जुनेर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे साखर आली तेव्हा ही जुनी वही बंद झाली नाही. तिला नवा पुठ्ठा चढला, एवढंच.

गांधीवाद्यांनी या भागात कामही मोठं केलं. वालोड तालुक्यातल्या वेडछीला जुगतराम दवे आदिवासींच्यात बसले, आश्रमशाळा चालवल्या, 'काळीपरज' हा हिणवणारा शब्द टाकून 'रानीपरज' हा शब्द रूढ केला. १९४६ मध्ये हळपती सेवा संघ निघाला. चरखा, खादी, गूळ, घाणीचं तेल, हातसडीचे तांदूळ हा सगळा ग्रामोद्योगाचा विचार इथे नुसता भाषणात नव्हता, अंगणात होता. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा गिरणीची पांढरी साखर ही त्या लोकांच्या डोळ्यांत सलणाऱ्या वस्तूंपैकी एक होती. आणि सरदारांच्या त्याच बारडोलीत, स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होतात न होतात तोच, साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली.

त्याला कारण पाणी. तापीवर काकरापारचा बंधारा पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला आणि कालवे फिरले. कापूस, ज्वारी, भुईमूग यांच्या जागी ऊस दिसू लागला. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना १९५० मध्ये चालवून दाखवला होता. त्याच वाटेनं १९५५ मध्ये बारडोलीची खेडूत सहकारी खांड उद्योग मंडळी उभी राहिली आणि दशक संपायच्या आत गाळपही सुरू झालं. पुढे मढी, चलथाण, सायण, कामरेज, महुवा, गणदेवी अशी रांगच लागली. बारडोलीचा कारखाना वाढत वाढत आशियातल्या सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांत गणला जाऊ लागला. सहकार म्हणजे काय, तर ज्याचा ऊस तो सभासद, ज्याचा शेअर त्याला मत. ऊस पिकवणारा मालक झाला. ऊस तोडणारा कोण होणार, हा प्रश्न मंडळीच्या घटनेत आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. सभासद सगळे एकाच बाजूचे होते.

आता ऊस तोडायचा कुणी? दाराशी हळपती होते, शेतीच्या हंगामाबाहेर त्यांच्या हाताला कामही नव्हतं. पण कारखान्यांनी तोडणीला माणसं आणली ती लांबून, खानदेशातून. साक्री, नवापूर, नंदुरबार, शहादा या बाजूची, आणि डांगातली. सुरत जिल्ह्यात या सगळ्यांना एकच नाव पडलं: खानदेशी. भिल्ल असो, मावची असो, कोकणी असो, बंजारा असो. कारणं सांगितली जात ती अशी, की खानदेशी माणूस तोडीत तरबेज आहे आणि हळपती आळशी आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ पासून याच भागातल्या खेड्यांत काम करत होते. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा त्यांचा निबंध १९७८ मध्ये छापून आला. त्यांनी हा युक्तिवाद उलटा करून दाखवला. परका मजूर सोयीचा असतो. तो रात्री हाकेला ओ देतो, कारण फडाशेजारीच राहतो. त्याला जाऊन बसायला शेजारपाजार नसतो, गावचा पुढारी नसतो. हंगाम संपला की तो ट्रकमध्ये बसून परत जातो. पावसाळ्यात त्याच्या पोटाची जबाबदारी कुणावर नाही. आणि स्थानिक मजुराला, तू नाहीस तर दुसरे आहेत, हे न बोलता सांगता येतं. मला ब्रेमन यांचं हे म्हणणं पटतं. आळसाची गोष्ट मजुरी ठरवणाऱ्यांनीच पसरवलेली असते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याच्या परिसरात ऐकायला मिळेल.

आणि १९५७ साली साक्रीहून बारडोलीला जाणारं कुटुंब परराज्यात जात नव्हतं. तेव्हा पश्चिम खानदेश, डांग, सुरत आणि मुंबई एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. सुरत-भुसावळ मार्गावर तापी व्हॅली रेल्वेच्या गाड्या विसाव्या शतकाच्या तोंडापासून धावत होत्या. १ मे १९६० रोजी या वाटेत राज्याची सीमा आली. नवापूरचं रेल्वे स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधून रेघ जाते आणि लोक हौसेनं तिथे बसून फोटो काढतात. पण तोडणी मजुराच्या दृष्टीनं ती रेघ हौसेची नव्हती. मुंबईतलं सरकार म्हणणार, हे काम गुजरातेत चालतं. गांधीनगर म्हणणार, मजूर महाराष्ट्राचे. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राचा कायदा आला, त्यात मजुराची नोंद, प्रवासभत्ता, निवारा सगळं लिहिलं होतं. फडात तो कायदा पोचला असं म्हणायला फारसा पुरावा नाही.

तोडणीची पद्धत समजल्याशिवाय बाईची जागा समजत नाही. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा, मुकादम गावात येतो आणि उचल देतो. ती 'कोयत्या'ला दिली जाते. हा कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून झालेली एक जोडी. जोडीला हाताशी आलेलं पोर असेल तर उत्तमच. उचलीची नोंद नवऱ्याच्या नावावर होते. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि भांडी, कोंबड्या, लेकरं, कधी म्हातारी सासू, असं सगळं घर त्यात भरून निघतं. मुक्कामाला पडाव असतो. कारखाना देतो ते म्हणजे काही बांबू आणि चटया. त्यातून वाकून आत शिरावं लागेल एवढी झोपडी होते. सहा-सात महिने तेच घर.

नवरा बुडख्याशी ऊस तोडतो आणि शेंडा छाटतो. बायको पाचट सोलते, ऊस गोळा करते, वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या, पानांचाच वेठ करून मोळी बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन बांधापर्यंत, रस्त्यापर्यंत. ट्रकला फळी लावलेली असते. त्या फळीवरून तोल सांभाळत वर चढायचं. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते, तो लवकरात लवकर गाळला गेला पाहिजे, म्हणून कारखाना दिवस-रात्र चालतो आणि ट्रकही दिवस-रात्र येतात. रात्री दोनला ट्रक आला की पडाव उठतो. पहाटे चूल पेटवायची, पाणी आणायचं, दुपारच्या भाकरी बांधून घ्यायच्या, पोराला पाजायचं, हे सगळं त्या रात्रीच्या भरणीनंतर. गरोदर बाई दिवस भरेपर्यंत फडात असते, आणि बाळंतीण झाली की काही दिवसांत पुन्हा फडात. कारण ती थांबली की कोयता अर्धा होतो. अर्ध्या कोयत्याला मुकादम बोल लावतो, टन भरत नाहीत, उचल फिटत नाही.

दर टनाला ठरलेला. नवरा-बायको मिळून दिवसाला साधारण टनभर तोडतात, ऊस उभा आणि जाड असला तर थोडा जास्त, लोळलेला असला तर कमी. पण हे पैसे रोजच्या रोज मिळत नाहीत. पंधरवड्याला खावटी मिळते, म्हणजे ज्वारी आणि थोडी रोकड, आणि तीही खात्यातून वजा होणारी. बाकीचं सगळं हंगामअखेर. मधेच कुणी पळून जाऊ नये म्हणून पैसे अडकवून ठेवायचे, हा त्यातला उघड हेतू. शेवटी मुकादम हिशेब करतो: एकूण टन, वजा उचल, वजा तिच्यावरचं व्याज, वजा खावटी. जे उरतं ते नवऱ्याच्या हातात. कधी उरतं, कधी पुढच्या वर्षीच्या अंगावर थोडी बाकीच निघते. या सगळ्या मांडणीत बाईच्या स्वतःच्या हातात पडणारी एकच गोष्ट होती: वाढं. उसाचे हिरवे शेंडे गाईगुरांच्या मालकांना चारा म्हणून विकून संध्याकाळी जे चार पैसे येत, त्यातून मीठ-मिरची, तेल, पोराचं औषध भागे. सहा महिन्यांत तिनं उचललेले सगळे टन एकीकडे आणि तिच्या पदराच्या गाठीला आलेली ही सुटी नाणी एकीकडे.

याच काळात मुंबईत, गिरगावातल्या एका गच्चीवर, दुसरीच गोष्ट सुरू झाली होती. १५ मार्च १९५९. लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबापा, यांच्याकडून उसनं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यानं ती घेतली. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही, हे आधीच ठरलेलं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम बंद पडलं. दुसऱ्या पावसाळ्याला त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ही युक्ती मला त्या संस्थेच्या पुढच्या सगळ्या उलाढालीपेक्षा जास्त आवडते, कारण पावसाळ्यात काम थांबू नये असं खरंच वाटणाऱ्या माणसांनाच ती सुचू शकते.

बायका वाढत गेल्या तशी गच्ची पुरेना. तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं आणि वाळवून परत आणायचं, अशी रीत पडली. १९६२ मध्ये नावासाठी स्पर्धा घेतली, त्यातून 'लिज्जत' हे नाव आलं; सुचवणाऱ्या धिरजबेन रुपारेल यांना पाच रुपये बक्षीस मिळालं. १९६६ मध्ये संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी झाली आणि त्याच वर्षी उच्छंगराय ढेबर यांच्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं तिला मान्यता देऊन आठ लाखांचं खेळतं भांडवल दिलं. १९३४ च्या वर्ध्यात ज्या विचारानं गूळ आणि हातसडीचे तांदूळ उचलून धरले होते, तोच विचार आता गिरगावच्या पापडामागे उभा राहिला. आणि १९६८ मध्ये लिज्जतची महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली ती वालोडला. ना अहमदाबाद, ना सुरत शहर. ज्या तालुक्यात वेडछी आहे, जिथे एका बाजूला उसाचे फड वाढतच होते, त्या तालुक्याच्या गावी.

मुंबईच्या चाळीतल्या बायकांचं काम खेड्यात जसंच्या तसं बसणार नव्हतं. चाळीतल्या बाईला दहा बाय दहाची खोली होती, पण नळ होता, कोरडी फरशी होती. खेड्यात शेणानं सारवलेली जमीन, चुलीचा धूर, कोंबड्या. पापडाला स्वच्छता लागते आणि घर बघूनच बाईला पीठ दिलं जातं, हा नियम. सारवलेलं अंगण, झाकलेलं पाणी, धुतलेलं लाटणं, या गोष्टी आता पैशाच्या झाल्या. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण पापडाचं काम दिसतं तितकं पोरखेळ नाही. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, मीठ, पापडखार यांचा गोळा चामड्यासारखा घट्ट असतो. लाट्या पाडायच्या आणि प्रत्येक लाटी सारख्या जाडीची, सारख्या व्यासाची लाटायची. मधे जाड, कडेला पातळ झाला की तळताना फसतो. मग पालथ्या घातलेल्या वेताच्या टोपल्यांवर पापड पसरायचे; ऊन कडक झालं तर ते वाकतात, ढग आला तर आंबूस होतात. सकाळी शाखेत ते हातात घेऊन बघितले जातात. ओल राहिली असेल किंवा माप चुकलं असेल तर परत. तोलात भरले की दर किलोप्रमाणे लाटणावळ तिथल्या तिथे, आणि नवं पीठ. शाखेत पुरुष असतात ते पगारी, हिशेबाला किंवा गाडी चालवायला; सभासद फक्त बाई, तिला संस्थेत 'बहेन' म्हणतात. नफा झाला की सगळ्या बहेनांत सारखा.

या रीतीनं नेमकं काय बदललं, हे सांगताना लोक भावनेच्या भरात जातात. पापडानं गरिबी हटली असं म्हणणं खोटं आहे. दिवसाला चार-पाच किलो लाटणाऱ्या बाईचं घर त्या पैशांवर पूर्ण चालत नाही. सणासुदीला आणि पावसाळ्यात काम कमी-जास्त होतं. मान-पाठ धरते. आणि 'बहेन मालक आहे, नोकर नाही' या वाक्याला दुसरी बाजूही आहे: मालकाला रजा नसते, तासांचा हिशेब नसतो, आजारपण त्याचं त्यानं बघायचं. घरी बसून केलेलं काम हे कामच, हे जगात मान्य व्हायला १९९६ उजाडलं. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार केला. त्यासाठी अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांच्या 'सेवा' या बायकांच्या संघटनेनं फार धडपड केली, पण भारतानं आजवर तो मान्य केलेला नाही. मग उरलं काय? उरलं ते रोजच्या रोज, स्वतःच्या नावानं तोललेलं वजन. आज चार किलो लाटले तर चार किलोचे पैसे उद्या सकाळी हातात. नवऱ्याला कळतं, सासूला कळतं, किराणावाल्याला कळतं की ही बाई उधारी फेडू शकते. मुलीची शाळेची फी भरायची की नवऱ्याच्या बिडी-दारूला द्यायचं, हा वाद घरात होऊ शकतो, कारण वाद घालायला काहीतरी हातात असतं. ऊसतोडीच्या घरात हा वाद होतच नाही. तिथे पैसा येतो तेव्हा तो आधीच उचलीत गेलेला असतो.

मधला एक रस्ता दुधाचाही होता. सुरत जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे सुमूल, १९५१ पासून. म्हशीला चारा-पाणी, शेण, धार हे सगळं बाईचं. पण डेअरीचं पुस्तक बरीच वर्षं घरातल्या पुरुषाच्या नावावर. पुढे बायकांच्याच दूध मंडळ्या निघाल्या तिथे हे बदललं. गुरं तीच, दूध तेच, पुस्तकावरचं नाव तेवढं बदललं.

मग साखरेतही असं का करता आलं नाही? हा प्रश्न भाबडा वाटेल, पण विचारण्यासारखा आहे. पापडाला यंत्र लागत नव्हतं, किंवा निदान संस्थेनं ते मुद्दाम येऊ दिलं नाही. पिठाच्या गिरण्या, छपाई, पॅकिंग ही खाती सत्तरीच्या दशकात आली, पण लाटणं हातातच राहिलं. भांडवल ऐंशी रुपये होतं, त्यामुळे लाटणारी बाईच मालक होऊ शकली. साखरेला कोट्यवधींची यंत्रं लागतात, जमीन लागते, कालवा लागतो. तिथे मालक तोच होणार ज्याच्याकडे आधीच जमीन आहे. पापड चार दिवस थांबला तरी चालतो, ऊस एक दिवससुद्धा थांबत नाही, म्हणून साखरेला हाकेसरशी उठणारा मजूर हवा असतो. ही कारणं खरी आहेत. पण तोडणाऱ्या बाईचं नाव वहीत लिहायला यंत्र आड येत नाही. साखरेचा शेतकरी सहकारानं श्रीमंत झाला, आणि ते चांगलंच झालं. बारडोलीच्या रस्त्यांवरची मोठी घरं, शाळा, दवाखाने त्याची साक्ष आहेत. मात्र त्या सहकाराची कड फडाच्या बांधापाशी संपली. बांधाच्या पलीकडे मुकादम होता, आणि मुकादम कारखान्याचा नोकर नव्हता, त्यामुळे त्यानं काय केलं याला कारखाना जबाबदार नव्हता.

१९७२ मध्ये तापीवरच उकाईचं धरण पुरं झालं. सोनगढ, उच्छल, निझर आणि पलीकडे नवापूरच्या बाजूची शंभर-दीडशेहून अधिक गावं बुडाली, बहुतेक आदिवासींची. धरणाचं पाणी बारडोलीच्या उसाला गेलं आणि बुडालेल्या गावांतली माणसं त्याच उसाच्या तोडीला. पाण्याच्या मागोमाग माणसं वाहत गेली म्हणा. ऊस वाढला तसे कोयते वाढले. आज दक्षिण गुजरातेत हंगामाला दीड-दोन लाख तोडणी मजूर येतात असा अंदाज दिला जातो.

इकडे महाराष्ट्रातही चित्र तेच, फक्त जास्त मोठं. बीडच्या कोयत्यांवर आपण कथा-कादंबऱ्या लिहिल्या, सिनेमे काढले. २०१९ मध्ये तिथल्या तोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, हे गणित तेव्हा पहिल्यांदा शहरातल्या वाचकाला कळलं. बारडोलीच्या पडावातल्या खानदेशी बाईवर इतकं लक्ष कधी गेलं नाही. ती आपल्या राज्याच्या बातमीत बसत नव्हती, आणि गुजरातच्या बातमीत ती बाहेरची होती.

दराची लढाई मात्र तिथे चालू राहिली. मजूर अधिकार मंचासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि २०२२-२३ च्या हंगामाच्या सुमारास गुजरात सरकारनं तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दुप्पट. पण टन दोघांचा असतो. ४७६ चे दोन भाग केले तर एकाच्या वाट्याला २३८ येतात, म्हणजे आधी दोघांना मिळून जेवढे होते तेवढे. आणि हे दोन भाग करणार कोण? सरकारी अधिसूचना टनाचा दर ठरवते, टनातला बाईचा वाटा कुणाच्या खात्यात जावा हे ती सांगत नाही. पावसाळ्याच्या अखेरीला मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन नवापूर-साक्रीच्या वाड्यांत येतो, तेव्हाही पैसे मोजले जातात ते कोयत्यामागे, आणि कागदावर अंगठा किंवा सही घेतली जाते ती नवऱ्याची.